पातेल्यावरचे नाव

आमच्या पनवेल तालुक्यात एखाद्या घराची परिस्थिती जाणून घ्यायची असेल, तर ‘तुमची किती?’ एवढा प्रश्न पुरतो. काय किती, हे सांगावे लागत नाही. प्रश्न जमिनीचाच असतो. पूर्वी त्याचे उत्तर एकर-गुंठ्यांत येत असे, आता ते चौरस मीटरमध्ये येते. मला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही, कारण तो बायकांना विचारण्याची रीत नाही. साठीच्या जवळ आल्यावर मी तो थोडा बदलून स्वतःलाच विचारला : ज्याला निःसंकोचपणे ‘माझे’ म्हणता येईल असे या आयुष्यात माझ्याजवळ काय काय होते? उत्तरादाखल पाच वस्तू आठवल्या. एक कंदील, एक छत्री, एक मनगटी घड्याळ, एक शाईचे पेन आणि एक पितळेचे पातेले. पाचही बाजारात मिळणाऱ्या, आमच्यासारख्या हजारो घरांत असलेल्या. त्यांतल्या एकीचीही किंमत सांगण्याजोगी नाही. तरीही मालकी म्हणजे काय, याविषयी मला जे थोडेफार कळले, ते या वस्तूंच्या सहवासातूनच.

मराठी वाचकाला असा विषय अपरिचित नाही. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध रुजवला तो नेहमीच्या, किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना हात घालूनच. त्याच्या कितीतरी आधी ज्ञानेश्वरांनी दिवा, घट, सूत, सोने अशा घरातल्या वस्तूंच्या दृष्टान्तांतून अद्वैत समजावले. संतांना वस्तूतून तत्त्वाकडे जायचे होते, लघुनिबंधकाराला वस्तूतून स्वतःच्या मनाकडे. माझी इच्छा त्याहून लहान आहे. वस्तू कोणी घडवली, ती कशी चालते, बिघडली तर कोण नीट करते आणि ती नेमकी कोणाची असते, एवढेच मला पाहायचे आहे.

गव्हाण हे माझे माहेर. न्हावे, शेलघर, वहाळ, जासई या गावांच्या शेजारचे, आगरी वस्तीचे गाव. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाडी आणि खाजण, मधे भाताची खाचरे आणि खारे पाणी अडवून धरणारे बांध, अशी त्याची जुनी रचना. माझ्या लहानपणी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ मध्ये ते रायगड झाले. मुंबईच्या पूर्वेला, खाडीपलीकडे एक नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आखणीत आल्या. आमची खाचरेही त्यांतच होती. मी ज्या वस्तूंविषयी लिहिणार आहे, त्या सगळ्या या बदलाच्या आगेमागे आमच्या घरात आल्या. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना जमिनीविषयी लिहिणे टळत नाही.

पहिली वस्तू कंदील. तो ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील होता. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीच्या लाटेत महाराष्ट्राने काचेचा ध्यास घेतला होता. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड निघाला आणि त्या निधीतून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला काच कारखाना काढला. त्याच्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तिथला कंदील मराठी मुलखात घरोघर पोहोचला. विलायती कंदिलाला पर्याय म्हणून जन्मलेली ही वस्तू आमच्या घरात आली तोवर तिचे स्वदेशीपण कोणाच्या ध्यानातही राहिले नव्हते. ती फक्त ‘कंदील’ होती. देशी उद्योगाला याहून मोठे यश ते कोणते?

कंदिलाची करामत त्याच्या दोन बाजूंच्या पोकळ नळ्यांत असते. वरच्या टोपणाखालची हवा या नळ्यांतून खाली वातीपाशी येते, म्हणून बाहेर वारा सुटला तरी ज्योत फडफडत नाही. काच स्वच्छ असेल तरच या करामतीचा उपयोग, आणि काच दररोज काळवंडते. दिवेलागणीच्या आधी चुलीतली राख फडक्यावर घेऊन ती पुसणे हे माझे काम होते. हे काम लहान मुलीकडे असण्याला साधे कारण होते : मोठ्या माणसाचा हात काचेच्या तोंडातून आत जात नसे. चारपाच वर्षांनी माझाही हात जाईना, तेव्हा काम धाकट्या बहिणीकडे गेले. कंदील घराचाच होता, पण माझा हात आत मावत होता तोवर तो माझा होता, असे मला आजही वाटते. मालकीची ही पहिली व्याख्या मी शिकले : जी वस्तू आपण रोज नीट करतो, ती आपली. तिची पावती कोणाच्या नावावर फाटली, हा प्रश्न तेव्हा सुचलाही नव्हता.

दुसरी वस्तू छत्री. तिच्याविषयी सांगायचे तर आधी इरल्याविषयी सांगायला हवे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन, असे इरले डोक्यावरून पाठीवर उतरते. लावणी करणारा माणूस कमरेत वाकलेला असतो. पाऊस पडतो तो त्याच्या पाठीवर. इरले ती पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्रीचे याच्या उलट आहे. ती ताठ चालणाऱ्या माणसासाठी केलेली आहे आणि ती त्याचा एक हात अडवून ठेवते. छत्री घेऊन भाताचे रोप लावता येत नाही. आमच्या ओटीवर एका खुंटीला इरली आणि दुसऱ्या खुंटीला एकच काळी छत्री असे. छत्री कोणाची, तर ज्याला गावाबाहेर कामाला जायचे त्याची. वर्षे गेली तशी इरली कमी होत गेली आणि छत्र्या वाढल्या. घराची पाठ सरळ होत गेली, असे कोणी म्हणेल. मला मात्र हेही दिसले, की त्याबरोबर घराच्या हातातले एक काम सुटले.

माझी स्वतःची छत्री मी आठवीत गेले तेव्हा पनवेलच्या बाजारातून आली. लाकडी मुठीची, काळ्या कापडाची. मे महिन्याच्या अखेरीस छत्रीवाला गावात येई, वडाखाली बसे आणि वाकलेल्या काड्या सरळ करी, तुटलेल्या बदली, सुटलेले कापड दोऱ्याने टाचून देई. माझ्या छत्रीच्या काड्या आणि कापड दोन्ही बदलून झाली. मूठ तेवढी पहिल्यापासूनची राहिली. मग ती तीच छत्री म्हणायची का? तत्त्वज्ञांना हा प्रश्न कठीण वाटेल. आमच्या घरात कोणालाही तो पडला नाही. ज्या मुठीला माझ्या हाताचा गुळगुळीतपणा आला होता, ती जिच्यात होती ती माझी छत्री. आज मिटून पिशवीत मावणाऱ्या छत्र्या मिळतात. त्या हलक्या आहेत, सोयीच्या आहेत, पण बिघडल्या की टाकूनच द्याव्या लागतात. दुरुस्त न होणारी वस्तू आपण वापरतो खरी, पण तिची आणि आपली ओळख होण्याआधीच ती निघून जाते.

तिसरी वस्तू घड्याळ. ते आधी बाबांचे होते. त्याच्याही आधी आमच्या घरात वेळ नव्हती असे नाही. ती खाडीची वेळ होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित बाबा बोटांवर करीत. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. भरती दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून खाडीवर जाणाऱ्याचा दिवसही रोज थोडा सरकतो. आज पहाटे जेवण, तर आठवड्याने दुपारी. घर त्या सरकण्याशी जुळवून घेत असे.

मे १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बाबांना तिकडच्या एका गोदामात पाळीचे काम मिळाले आणि पहिल्या काही पगारांतून त्यांनी एचएमटीचे किल्लीचे घड्याळ घेतले. १९६१ मध्ये बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या त्या सरकारी कारखान्याची घड्याळे तेव्हा नोकरदार मनगटाची खूण होती. मुलाला नोकरी लागली, जावई ठरला, कोणी निवृत्त झाला, की एचएमटी. किल्ली दिली की आतली स्प्रिंग आवळली जाते आणि मग ती सुटत सुटत चाके फिरवते. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली देत, न मोजता, पण शेवटची मात्रा बोटाला कळताच थांबत. घड्याळाबरोबर घरात एक नवी शिस्त आली. पाळीची वेळ चंद्राकडे पाहत नाही. सकाळी सात म्हणजे सातच, मग भरती असो की ओहोटी.

तरी बाबांनी तिथी सोडली नाही. मनगटावर एक वेळ आणि बोटांवर दुसरी, अशा दोन वेळा ते शेवटपर्यंत सांभाळत राहिले. ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले. मी मागितले नव्हते. दादानेच हातात ठेवले. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना कायमचा बंद झाल्याची बातमी वाचली, त्या दिवशीही मी सकाळी किल्ली दिली होती. कारखाना थांबला तरी त्याने केलेली वस्तू चालत राहते, फक्त तिला रोज कोणीतरी आठवणीने हात लावावा लागतो.

चौथी वस्तू, पेन, ही पूर्णपणे माझ्या कमाईची. दहावीनंतर माझे शिक्षण थांबले, जवळच्याच गावात लग्न झाले आणि पुढे मी अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता येते, हे मला काही वर्षांनी कळले. पनवेलच्या अभ्यासकेंद्रात जायला लागले तेव्हा माझी मोठी मुलगी पहिलीत होती. पहिल्या रविवारी परत येताना मानधनातून उरलेल्या पैशांचे एक शाईचे पेन आणि कॅमल शाईची दौत घेतली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करण्यापासून सुरू केलेल्या उद्योगाची ही शाई. शाळेत ती दप्तरात सांडली म्हणून ओरडा खाल्ला नाही, असे माझ्या पिढीत थोडेच असतील.

बॉलपेन स्वस्त होते आणि सोयीचेही. मग शाईचे पेन कशाला, असे घरात विचारले गेले. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आता देता येते. रात्री भांडी आवरून झाल्यावर, सगळे झोपल्यावर, पेनात शाई भरणे ही अभ्यासाला बसण्याची खूण होती. दौतीचे झाकण उघडले की दिवसभराची सेविका, सून, आई बाजूला होई आणि विद्यार्थिनी उरे. शिवाय निब ज्याच्या हातात असते त्याच्या वळणाने झिजते. म्हणूनच पेन दुसऱ्याला देऊ नये म्हणतात. घरातली प्रत्येक वस्तू सगळ्यांची होती. माझ्या अंगाने झिजणारी अशी ही एकच. त्या पेनाने मी तीन वर्षे स्वाध्याय लिहिले. पदवीचे प्रमाणपत्र आले, त्यावर माझे पूर्ण नाव होते. कागदावर छापलेले स्वतःचे नाव मी बराच वेळ पाहत राहिले, तेव्हा मला एकदम आजीचे पातेले आठवले. या पाचव्या वस्तूपाशी मी उशिरा येते आहे, कारण तिच्याविषयी सांगण्यासारखे सर्वांत अधिक आहे.

ते पितळेचे, रुंद काठाचे, पाच-सहा शेर तांदूळ शिजेल एवढे पातेले होते. आजीच्या लग्नात तिच्या भावाने आहेरात दिलेले. काठाखाली टाकीने ठोकलेल्या ठिपक्यांची अक्षरे होती : देणाऱ्या भावाचे नाव, घेणाऱ्या बहिणीचे नाव आणि शके १८५७. भांड्यावर नाव घालण्याची ही पद्धत मराठी घरांत सर्वत्र आहे. लग्नाचा आहेर, मुंजीची भेट, संक्रांतीचे वाण, कोणाच्या स्मरणार्थ वाटलेला तांब्या, सगळ्यांवर नावे असतात. इतिहासकार ताम्रपट वाचतात. आमच्या घरची मांडणी नीट वाचली, तर तीही तीन पिढ्यांच्या सोयरिकींचा ताम्रपटच ठरेल. जत्रेत, कार्यात, शेजारच्या लग्नात दिलेली भांडी ओळखून परत मिळावीत, हा नाव घालण्याचा व्यवहारी हेतू. पण अक्षरे एकदा उमटली की ती हेतूपलीकडचे बोलू लागतात.

आजीला वाचता येत नव्हते. मी दुसरीत असताना जोडाक्षरे वाचू लागले, तेव्हा तिने पातेले पुढ्यात ठेवले आणि काय लिहिले आहे ते वाचायला सांगितले. मी भावाचे नाव वाचले. ते माझ्या ओळखीचे होते. पुढचे बाईचे नाव वाचून मी अडखळले. हे कोण, असे मी विचारले. आजी म्हणाली, ‘मीच.’ लग्नात नवऱ्याच्या घरचे नवे नाव तांदळात लिहिले जाते आणि जन्माचे नाव मागे पडते, ही रीत मला ठाऊक नव्हती. ज्या नावाने मी आजीला ओळखत होते, ते तिला चौदाव्या-पंधराव्या वर्षी मिळालेले होते. त्याआधीचे नाव या घरात कोणीही उच्चारत नव्हते. ते फक्त पातेल्यावर होते. ‘पुन्हा वाच,’ ती म्हणाली. मी पुन्हा वाचले. ते नाव मी इथे लिहीत नाही; ते जिथे आहे तिथेच शोभते.

पितळेच्या भांड्याचे एक पथ्य असते. आंबट पदार्थ त्यात कळकतात, म्हणून आतून कथलाचा लेप, म्हणजे कल्हई, लागते. कल्हईवाला जमिनीत लहानसा खड्डा खणून कोळसे पेटवी, भाता चालवी, भांडे तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे आणि मग कथलाची कांडी फिरवून तो कापसाच्या बोळ्याने झर्रकन पुसून घेई. काळवंडलेले पोट क्षणात चांदीसारखे होई. आम्ही मुले ते पाहण्यासाठी जेवण विसरत असू.

पुढे स्टेनलेस स्टील आले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये पोलादात क्रोमियम मिसळून जे गंजत नाही असे पोलाद तयार केले, ते अर्ध्या शतकाने आमच्या मांडणीवर पोहोचले. त्याचा गुण मोठा नवलाचा आहे. पृष्ठभागावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर हवेशी संयोग पावून बसतो. ओरखडा पडला तरी तो थर हवेत आपोआप पुन्हा जमतो. म्हणूनच यंत्राने कोरलेली नावेही गंजत नाहीत. कल्हई नको, चिंच नको. आईच्या पिढीने स्टीलचे स्वागत केले ते चकाकीसाठी नव्हे, तर घासण्याच्या श्रमातून सुटका झाली म्हणून. तो आनंद मी हलका लेखणार नाही.

जमिनीच्या मोबदल्याचे पैसे गावात येऊ लागले त्या काळात घरोघर जुनी पितळ मोडीत निघाली. वजनावर भाव ठरे. वर कोणाचे नाव आहे, हे मोडवाला पाहत नसे. आमच्याही घरातून हंडे, घागरी, परात गेल्या. आजीने ते एक पातेले मात्र दिले नाही. ते जड आहे, कोणी वापरत नाही, त्याच्या मोडीत दोन स्टीलची पातेली येतील, असे सगळ्यांनी सांगून पाहिले. तिने कारण सांगितले नाही आणि पातेलेही सोडले नाही. मला कारण माहीत होते. मीच ते तिला वाचून दाखवले होते.

पुष्कळ वर्षांनी मला याहून मोठी गोष्ट उमगली. आजीने सुमारे चाळीस वर्षे त्या खाचरांत राब भाजला, चिखलणी केली, लावणी केली, बांध फुटला तर मध्यरात्री माती टाकली. सातबाऱ्यावर तिचे नाव कधीच नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. त्या मोर्चांत आमच्या गावच्या बायकाही पदर खोचून उतरल्या होत्या. पण भूखंड मिळतो तो उताऱ्यावरच्या नावाला. आजीचे नाव शोधायचे असेल, तर ते एका पितळेच्या भांड्याच्या काठाखाली सापडत होते.

माझ्या दोन्ही आत्या एके दिवशी आल्या, तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवून परतल्या. माहेर तुटू नये, यासाठी बहिणी हे करतात, आणि त्यांना तसे करायला सांगणारे भाऊही बहुधा निष्ठुर नसतात. रीतच तशी असते. जाताना दोघींना साडी आणि स्टीलचा मोठा डबा देण्यात आला. डब्यावर ‘भावाकडून सप्रेम भेट’ असे कोरलेले होते. धाकट्या आत्याने त्या डब्यात पुढे वीस-पंचवीस वर्षे तांदूळ ठेवले, बाजारातून आणलेले. ती कधी तक्रार करीत नसे. डबा मात्र आतून-बाहेरून लख्ख ठेवी.

कायदा या काळात सावकाश बदलत होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क, हे तत्त्व महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींपुरते मान्य केले. २००५ मध्ये ते केंद्रीय कायद्यात सर्व मुलींसाठी आले. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असण्याची अटही दूर केली. बाबा गेल्यावर वारसनोंदीचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा दादा कागद घेऊन माझ्या घरी आला. मी चष्मा शोधू लागले. माझ्या मनात आत्यांचा डबा होता. दादा म्हणाला, ‘तुझं नाव लिहिलंय. बरोबर आहे का ते वाचून घे.’ मी वाचले. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर होते.

अटल सेतूची २१.८ किलोमीटर लांबीची वाट जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली. त्याच दिवशी खारकोपरपुढची रेल्वे उरणपर्यंत धावू लागली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या नव्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. आमची खाचरे नेमकी कोठे होती, हे आता जागेवर जाऊन दाखवता येत नाही. बांधच राहिलेले नाहीत. लहानपणी आम्हाला शिकवले होते की वस्तू येतात आणि जातात, जमीन तेवढी कायमची. माझ्या आयुष्यात उलटे घडले. जमीन नकाशातल्या रेषेत विरली आणि एक कंदील, एक छत्रीची मूठ, एक घड्याळ, एक पेन आणि एक पातेले राहून गेले. म्हणून वस्तू जमिनीहून मोठ्या, असे मी म्हणणार नाही. ज्यांना जमिनीत वाटा नव्हता, त्यांचे सगळे आपलेपण वस्तूंत साठले. त्या साठ्याकडे पाहून आपण हळवे होतो, तेव्हा तो तिथे का साठला, हेही विचारले पाहिजे. पातेल्यावरचे नाव सुंदर आहे. ते उताऱ्यावरच्या नावाची जागा घेऊ शकत नाही.

पातेले आता माझ्याकडे आहे. कल्हईवाला वर्षानुवर्षे फिरकत नाही, त्यामुळे त्यात काही शिजवत नाही. पाणी तापवण्यापुरते ते उपयोगी पडते. नव्वद वर्षांच्या घासण्याने ठिपके इतके उथळ झाले आहेत, की नाव डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. घासावे तर अक्षरे झिजतात, न घासावे तर ती काळवंडून दिसेनाशी होतात. यातून मी माझ्यापुरता एक मार्ग काढला आहे. दिवाळीच्या आधी एकदाच ते चिंचेने, हलक्या हाताने घासते. आणि त्याच आठवड्यात मिळकतीचा ताजा उतारा काढून, त्यावरचे नाव वाचून पाहते.

स्वाध्याय

१. लेखिकेने ‘माझे’ या शब्दाचे कोणकोणते अर्थ पाच वस्तूंच्या आधारे उलगडले आहेत, ते स्पष्ट करा.
२. इरले आणि छत्री यांच्या तुलनेतून गावाच्या जीवनातील कोणता बदल सूचित होतो?
३. ‘पातेल्यावरचे नाव उताऱ्यावरच्या नावाची जागा घेऊ शकत नाही.’ या विधानाची चर्चा करा.
४. तुमच्या घरातील नाव घातलेले एखादे जुने भांडे पाहून त्यामागची हकिकत वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्या आणि सुमारे तीनशे शब्दांत लिहा.